ठमीची बैठक

साहेबांनी कारकुनाला आत बोलावलं तेव्हा टेबलावर नवा कोरा नकाशा पसरला होता आणि साहेबांचं बोट एका बुटक्या टेकडीवर रुतलं होतं.

"ठमीची बैठक! ही ठमी कोण?"

ठमी म्हणजे कारकुनाची बायको. तिला जाऊन सात महिने झाले होते. लग्नानंतर दोघं त्या टेकडीवर फिरायला गेली, तर अर्ध्या वाटेत चप्पल चावली म्हणून बाईसाहेबांनी फतकल मारली ती मारलीच. "शिखरच इकडे बोलवा, मी काही उठत नाही," म्हणाली. तेव्हापासून घरात त्या टेकडीचं हेच नाव. आता नकाशासाठी गावोगावच्या डोंगर-नद्यांची नावं वहीत उतरवताना नेमका त्याच टेकडीचा रकाना कोरा निघाला. मन हलकं करायला म्हणून पठ्ठ्याने पेन्सिलीने नाव लिहून टाकलं. खोडणार होता, पण खोडवेना. उद्या खोडू, परवा खोडू करता करता वही छापायला गेली.

"गावात तसंच म्हणतात, साहेब," तो कसंबसं बोलला.

"मग गावातल्या दोघांच्या सह्या आणा. नाहीतर पुढच्या छपाईत नाव उडवतो."

बायको एकदा गेली होती. तिला पुन्हा जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्याने गाव गाठलं.

शाळेच्या भिंतीवर तोच नकाशा लागला होता. मास्तरांना 'माहीत नाही' म्हणायची सवयच नव्हती.

"अहो, फार जुनं नाव! ठमीने एकटीने शत्रूची फौज अडवली होती तिथे. मुलांकडून पाठ करून घेतलंय मी. आणा, सही करतो." त्यांनी पेन उघडलं.

कारकुनाने फक्त तोंड मिटून बसायचं होतं. पण मास्तरांना स्फुरण चढलं. "सहा फूट उंच, सडसडीत बाई! हसणं कसं ते ठाऊक नव्हतं!"

"साफ खोटं!" कारकून ताडकन उठला. "हसायला लागली की तिला ठसका लागायचा! बुटकी होती, गोल होती, आणि चप्पल चावली म्हणून बसली होती!" आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

मास्तरांनी हळूच पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे ही तुमची..."

"बायको. गेली हो माझी."

दाराशी सरपणाची मोळी टेकवून एक म्हातारी ऐकत उभी होती. "कुठे बसली होती रे बाबा?"

"वळणाच्या वर, आजी. सपाट दगडावर."

"हात्तिच्या! मी रोज तिथेच बसते. तिथे बसल्याशिवाय पुढे जाववतंय कुणाला? आम्ही नुसतं 'वरचा दगड' म्हणायचो. हे नाव बरं आहे. आण तो कागद." तिने अंगठा उठवला.

"पण मुलांना मी फौज शिकवलीय!" मास्तर कळवळले.

"आता चप्पल शिकवा."

मास्तरांनी पुन्हा टोपण काढून सही केली.

कागद खिशात घालून कारकून टेकडी चढला. वळणापर्यंत पोचेतो गुडघे बोलायला लागले. दगड चांगला चार माणसं बसतील एवढा होता. तरी तो अगदी कडेला टेकला.

"ठमे," तो म्हणाला, "सरक की जरा."