पाण्याच्या तीन वाफ्यांची बखर

श्रीवनदेवता प्रसन्न. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासीं हरितगृहाच्या राज्यावर पांढऱ्या माशीचें परचक्र आलें, त्याची हकीकत ऐसी जे, अर्ध्या एकरावर ताणलेलें प्लास्टिकचें आभाळ आणि त्याखालीं ढोबळी मिरचीची रयत सुखें नांदत असतां गनीम पानांच्या पाठीशीं दडून बसला आणि रस शोषूं लागला. पूर्वीं ऐसा प्रसंग पडतां विषाचीं पिंपें येत. त्या विषानें वाफ्यांच्या कारभारीण कोंडाबाई घुले यांच्या हातांचीं सालटीं निघालीं होतीं, भाकर थापवत नव्हती. म्हणोन बाईंचा सारा जीव किडींचे जाणते त्र्यंबकशास्त्री यांच्या नव्या मसलतीवर. मसलत ऐसी कीं लसूण, गवती चहा आणि करंजाचें तेल यांचा काढा फवारावा आणि नुसत्या वासानेंच गनीम पळवावा. हरितगृहाचे धनी वदले, "आधीं सिद्ध करा, नाहीं तर पिंपें आहेतच." मग शास्त्रीबोवांनीं सहा वाफे निवडिले, तिहींस काढा, तिहींस नुसतें पाणी, म्हणजे फरक डोळ्यांस दिसावा.

दहा रोजांनीं माश्यांची मोजदाद केली तों साही वाफे सारखेच निर्मळ! धनी हंसले आणि वदले, "पाण्यानेंही माशी जाते, मग तुमच्या लसणीचें कौतुक तें काय? पिंपें मागवा." शास्त्रीबोवांचें तोंड उतरलें. तों कोंडाबाई पदर खोचून पुढें झाल्या आणि बोलिल्या, "सरकार, गुन्हा माजा हाय. पाण्याचं वाफं सुकताना मला बघवंना. लेकरावानी वाडवल्यात झाडं. त्यास्नीबी म्याच चोरून काढा मारला." शास्त्रीबोवांनीं कपाळ बडविलें आणि मग एकाएकीं टाळी वाजविली, "अहो बाई, म्हणजे साही वाफे काढ्यानेंच वांचले कीं!" धनी वदले, "हें तोंडी झालें. दुसरे सहा वाफे घ्या, आणि या खेपेस पाणी बाईंनींच मारावें."

काय तो कठीण हुकूम! बाईंनीं रोज सकाळीं तीन वाफ्यांवर पाणी मारावें, पानें पिवळीं पडतांना पाहावें आणि तोंड फिरवून डोळे पुसावे. परंतु काढ्याचा थेंब म्हणून तिकडे जाऊं दिला नाहीं. पंधरावे रोजीं मोजदाद झाली. पाण्याच्या वाफ्यांत पानामागें चाळीस माश्या, काढ्याच्या वाफ्यांत अवघ्या तीन! मग काय विचारतां, बायांनीं पाट्या बडविल्या, शास्त्रीबोवा चिखलांत नाचले आणि पिंपांची मागणी धन्यांनीं स्वहस्तें फाडिली. मग खुशीनें वदले, "कोंडाबाई, काय पाहिजे तें मागा." बाई बोलिल्या, "मला काय बी नगं. ते तीन वाफं अजून जित्ते हायेत. फत्तेचा पयला काढा त्यास्नी मारू द्या."

काढा मारिला, आणि आठवड्यांत शेंड्यांस नवी पालवी आली. बाई घरीं गेल्या आणि आपल्या हातें भाकर थापिली. येणेंप्रमाणें माशीचा मोड झाला, विष राज्याबाहेर गेलें, आणि विजयाचा मान पाण्याच्या तीन वाफ्यांस मिळाला.