सरांचं मातीशी नातं जुळतं

सर पेशाने समुपदेशक. लोकांच्या मनातल्या गाठी सोडवणं हे त्यांचं काम, आणि या कामात आपला हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, अशी त्यांची स्वतःची खात्री होती. अडचण होती ती जागेची. त्यांच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर नाचाचा क्लास भरायचा. खाली कुणी घशात अडकलेला हुंदका मोकळा करायला लागलं, की वर सगळ्या पोरी एकदम पाय आपटायच्या! छताचा पोपडा सुटायचा आणि तो नेमका रडणाऱ्याच्याच डोक्यात पडायचा. एका गृहस्थांनी तर केस झटकत विचारलं होतं, "सर, हा उपचाराचाच भाग आहे का?"

शेवटी एका सकाळी सरांनी चहाचा कप खाली ठेवून घोषणा केली.

"ठरलं! यापुढे समुपदेशन निसर्गाच्या कुशीत! मोकळी हवा, झाडं, पाखरं! माणूस बागेत शिरला की निम्मा तिथंच बरा होतो. उरलेल्या निम्म्याला मी आहेच!"

"अहो, पण तुम्हाला गवताने शिंका येतात," बायको म्हणाली.

"मनाचे खेळ असतात ते!" सर म्हणाले, आणि गवताच्या नुसत्या आठवणीने शिंकले.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या बागेत तळ्याकाठी चौघं जमली. पहिल्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. यांना कुणाला 'नाही' म्हणता येत नसे. शेजारणीची मांजर, नणंदेची मुलं, दिराचं मोडकं कपाट, सगळी यांच्या घरात सुखाने नांदत होती. दुसरे विमावाले काका. त्यांचा राग असा, की विमा नको म्हणणाऱ्यावर ते ओरडायला लागले की त्या माणसाला तिथल्या तिथे विम्याची गरज भासावी! तिसरा एका कचेरीतला कारकून. आपल्या पायावर दुसऱ्याने पाय दिला तरी हाच "सॉरी" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच सॉरीभाऊ पडलं होतं.

आणि चौथे होते न बोलणारे न्हावी. होय, न्हावी आणि न बोलणारे! बायको गेली तेव्हापासून त्यांनी तोंडच मिटलं होतं. दुकानात आरसा, कात्री आणि स्मशानशांतता. मानेवर वस्तरा आणि मागे मुका माणूस! गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीवर उठून जायला लागली. बहीण त्यांना दर वेळी सरांकडे आणून सोडायची. सरांनी आजवर इतके प्रश्न विचारले, पण उत्तर म्हणून ते नुसती मान हलवायचे, आणि तीही अशी तिरकी की होकार का नकार ते ब्रह्मदेवालाही कळू नये.

त्या दिवशी बहिणीने सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "सर, आता हे शेवटचं. एवढ्यानेही तो नाही बोलला, तर दुकानाला कुलूप लावून मी त्याला माझ्याकडे घेऊन जाणार."

"ताई, निर्धास्त जा," सर छातीवर हात ठेवून म्हणाले. "आज दगडसुद्धा बोलेल!"

चटया अंथरल्या गेल्या. सरांनी सगळ्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले, स्वतःचाही टाकला आणि पिशवी बाईंच्या हवाली केली.

"कुणीही मागितली तरी द्यायची नाही! मीसुद्धा! आणि आता नीट ऐका. मी काही गोष्टी करून दाखवणार आहे. काहीही झालं तरी मध्ये पडायचं नाही. फक्त बघायचं, आणि आपल्या आत काय उमटतंय ते न्याहाळायचं. समजलं?"

तिघांनी माना डोलावल्या. चौथी तिरकी हलली.

"पहिली गोष्ट, मातीशी नातं!" असं म्हणून सरांनी चपला काढल्या, डोळे मिटले, हात पसरले आणि समोरच्या हिरव्यागार गवतावर मोठ्या झोकात पाऊल टाकलं.

ते गवत नव्हतं. तळ्याचं पाणी आटून काठाला जो गाळ उरला होता, त्यावर पसरलेलं शेवाळ होतं! दुसऱ्या पावलाला सर घोट्यापर्यंत गेले, तिसऱ्याला गुडघ्यापर्यंत. मागे फिरावं म्हणून त्यांनी जोर लावला, तर गाळाने "डुब्बुक" असा तृप्त आवाज केला आणि त्यांना मांड्यांपर्यंत आत घेतलं.

"अरेच्चा!" सर म्हणाले.

"अरेच्चा," विमावाले काका हळूच म्हणाले आणि डोळे बारीक करून आपल्या आत न्याहाळू लागले.

"अहो, मी अडकलोय!"

"किती साध्या शब्दांत मांडलंय, नाही?" बाई कुजबुजल्या.

"मांडलं नाही हो! खरंच अडकलोय! बाई, तुम्ही जवळ आहात, जरा हात द्या!"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपोआप पुढे निघाला होता. तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून मागे ओढला, ओठ घट्ट मिटले, आणि मग सगळं बळ एकवटून त्या ओरडल्या, "नाही!"

मग टाळ्यांचा कडकडाट! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हटलं! मी नाही म्हटलं!" त्या सॉरीभाऊचा दंड धरून गदागदा हलवत होत्या.

"फार छान!" सर दात ओठ खात म्हणाले. "आता ती पिशवी द्या!"

"नाही!" बाई म्हणाल्या. आता त्यांना चव लागली होती.

सरांनी मोर्चा काकांकडे वळवला. "काका, तुम्ही तरी! नुसते बसून काय राहिलात?"

काकांच्या कपाळाची शीर फुगली. ते अर्धवट उठलेही. पण लगेच मांडी घालून त्यांनी लांब श्वास घेतला. "सर, पूर्वीचा मी असतो ना, तर तिरीमिरीत धावत आलो असतो. आता नाही! तुम्हीच शिकवलंत, मनात आलं की लगेच करायचं नाही." आणि ते शांत हसले. त्यांना इतकं शांत हसताना सरांनी कधी पाहिलं नव्हतं. गुद्दा घालावासा वाटला!

"अरे सॉरीभाऊ, बाळा..."

"सॉरी सर," सॉरीभाऊ म्हणाला. मग त्याने जीभ चावली, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "म्हणजे, सॉरी नाही! दुसऱ्याच्या अडचणीला मी जबाबदार नाही!"

पुन्हा टाळ्या. इतकी वर्षं सरांनी ज्या शिकवणुकीसाठी घसा कोरडा केला होता, ती आज सगळ्यांच्या अंगी एकदम मुरली होती! आणि सर कमरेपर्यंत.

आता मात्र सरांचा धीर सुटला. गाळ थंडगार होता, पायाला काहीतरी वळवळत लागून गेलं होतं, आणि वर शिंका सुरू झाल्या होत्या. प्रत्येक शिंकेसरशी ते बोटभर आणखी खाली जात होते.

"या हो!" ते गळा फाडून ओरडले. "कुणीतरी या! आक्छीं! अहो, या ना!"

आणि न्हावी उभे राहिले.

"तुम्ही माणसं आहात का कोण?" ते म्हणाले. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. "हाक मारतोय ना तो माणूस! आणि तुम्ही आत काय उमटतंय ते बघताय?"

न्हावी विजार गुडघ्यावर दुमडत होते आणि बोलत होते. "माझी बायको आतून हाका मारायची. जेवायला चला, दार लावा, हे बघा, ते बघा. मी आपला 'आलो, आलो' म्हणायचो आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसायचो. आता घरात हाक मारणारंच कुणी नाही. दिवस दिवस वाट बघितली तरी नाही." त्यांनी शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "हाक आली की उठायचं असतं, राजे हो. आलो सर, आलो!"

आणि ते खरंच आले! सरळ गाळात उतरले आणि सरांच्या शेजारी कमरेपर्यंत रुतून बसले.

काका भारावून म्हणाले, "ही गोष्ट जोडीने करायची आहे वाटतं!"

"अहो विमावाले, डोकं ठिकाणावर आहे का? चटया टाका गाळावर! त्यांवर आडवे व्हा!" न्हावी गरजले. इतक्या दिवसांचं साचलेलं बोलणं धबधब्यासारखं बाहेर पडत होतं. "सर, तुम्ही मान सैल सोडा! हलू नका म्हटलं ना!"

वस्तऱ्याखाली बसल्यासारखे सर निमूट स्थिर झाले. चटया पडल्या. बाईंनी पदर खोचला, सरांच्या काखेत हात घातले आणि धंद्यातल्या सवयीने म्हणाल्या, "नुसतं ओढून निघायचं नाही हे. मूळ घट्ट आहे. आधी डावीकडे, मग उजवीकडे, सैल करून घ्यायचं. सर, आ करा! म्हणजे, नको. थोडंसं दुखेल!"

डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, आणि "फट्" असा आवाज होऊन सर दाढेसारखे उपटून निघाले! पँट मात्र मुळासकट आत राहिली. मग चौघांनी मिळून न्हाव्यांना बाहेर ओढलं. ते ओढले जातानाही काकांना सांगत होते की तुमचे कल्ले फार वाढलेत, उद्या दुकानात या.

दोन्ही हातांनी एक चटई कमरेभोवती गुंडाळून सर झाडाखाली उभे राहिले. बहीण घ्यायला आली तेव्हा भाऊ लांबूनच तिच्याशी बोलत सुटला होता, आणि ती रडत रडत "अरे हो, हो, दम खा" म्हणत होती. सरांना गहिवरून आलं. पण आतून काहीतरी टोचत होतं. श्रेय आयतं चालून आलं होतं, पण ते असं फुकट घेणं बरं नव्हे. त्यांनी घसा साफ केला.

"मंडळी, एक खरं सांगतो. यात शिकवण्यासारखं काही नव्हतं. मी नुसताच मूर्खासारखा चालत गेलो आणि खरोखर अडकलो होतो."

काकांनी मान खाली घातली. बाईंनी डोळे पुसले. सॉरीभाऊ पुढे आला आणि म्हणाला, "हो सर. आपण सगळेच खरोखर अडकलेलो आहोत."

"तसं नव्हे रे! मी..."

"पुढच्या रविवारी आमची पाळी ना, सर?" काकांनी विचारलं. "जुने कपडे घालून येतो."

सर काय समजावून सांगणार? हातवारे केल्याशिवाय त्यांना काही पटवून देता येत नसे, आणि चटई सोडायची सोय नव्हती!