ठिकाणाचा रकाना

यादीराव घरी परतले तेव्हा त्यांचं कपाट रस्त्याच्या मधोमध उभं होतं. दोन हमाल त्याला जाड चादरीत गुंडाळत होते, मागे एक भलामोठा ट्रक आ वासून थांबला होता आणि फुटपाथवर आरामखुर्चीत बसून त्यांचे सासरे, ज्यांना घरीदारी सगळेच अण्णा म्हणत, निवांत पेपर वाचत होते.

यादीरावांना आधी वाटलं, आपली गल्ली चुकली. मग कपाटावरची चिठ्ठी दिसली, स्वतःच्याच अक्षरातली: 'कपाट, मोठं, डावं दार जपून'. दुसऱ्याच क्षणी त्यांचा ऊर भरून आला. म्हणजे बायकोने ठरवलं तर! पाच आठवडे आपल्याला जे जमलं नाही, ते या बाईने एका सकाळीत करून टाकलं. वीस वर्षं संसार करूनही माणूस आपल्या बायकोला पुरतं ओळखत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

यादीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुलपांच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी भांडार सांभाळलं आणि तिथल्या लोकांनी त्यांना हे नाव बहाल केलं. एक स्क्रू कमी भरला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. घरीही तोच खाक्या. साखरेच्या डब्यावर 'साखर', मिठाच्या डब्यावर 'मीठ' आणि रिकाम्या डब्यावर 'रिकामा'. बायको पहिली काही वर्षं हसली, पुढची काही वर्षं चिडली आणि मग स्वतःच 'रिकामा'च्या चिठ्ठ्या जपून ठेवायला लागली, कारण त्या सारख्या लागत.

दोन महिन्यांपूर्वी कारखाना बंद पडला. कुलपांच्या कारखान्यालाच कुलूप लागलं, हा विनोद पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी करून झाला आणि नंतर कोणालाच त्याचं हसू येईना. नोकरीबरोबर मिळालेलं क्वार्टर महिनाअखेरीला सोडायचं होतं. आता जायचं कुठे?

यादीरावांच्या मनात होतं थोरल्या भावाचं गाव. भाऊ टोमणे मारेल, पण दार उघडेल. बायकोच्या मनात तिच्या बहिणीचं शहर. तिथे नोकऱ्या फार, असं बहीण फोनवर सांगायची, आणि तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जागा रिकामी होती. लेकीला डोंगरावरचं कॉलेज हवं होतं. अण्णांची अट एकच: "कुठेही न्या, पण जिना नको."

यादीरावांनी रीतसर तक्ता केला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. पाणी, शाळा, दवाखाना, नोकरी, जिने, नातेवाईक. प्रत्येकाला दहापैकी गुण. दुसऱ्या दिवशी भावाच्या गावाच्या 'नातेवाईक' या रकान्यात दहाचे दोन झालेले होते. त्यांनी बहिणीच्या शहराचं 'पाणी' चारवर आणलं. आठवडाभराने तक्त्यावर इतकी खाडाखोड झाली की डोंगरावरच्या कॉलेजला दवाखान्यात अकरा गुण मिळाले होते आणि तिन्ही गावांची बेरीज सारखी येत होती. मग भांडणं झाली. साधीसुधी नव्हेत, लेक एक वेळ जेवली नाही आणि बायको तीन दिवस फक्त कामापुरतं बोलली. शेवटी सगळे थकले. गेले तीन दिवस त्या विषयावर घरात कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

आणि आज हा ट्रक!

यादीराव सकाळी सातलाच कारखान्यात गेले होते, भांडाराच्या किल्ल्या नव्या मालकाच्या माणसाला द्यायला. ते काम त्यांच्या फार जिवावर आलं होतं. पण आता बायकोला ओसरीत कपबश्या कागदात गुंडाळताना बघून त्यांना एकदम हलकं वाटलं.

"दिल्या किल्ल्या?" तिने विचारलं.

"दिल्या. मोजून."

"बरं झालं." तिने त्यांच्याकडे असं बघितलं, की तसं तिने लग्नानंतर दोनतीनदाच बघितलं असेल. "आणि मी काही कुरकुर करणार नाही, बरं का. एकदा ठरलं म्हणजे ठरलं."

"मीसुद्धा नाही," यादीराव म्हणाले. म्हणजे बहिणीचं शहर. तिसरा मजला. ठीक आहे. इतकी धीराची बाई सोबत असली तर माणूस तिसऱ्या मजल्यावरही राहील.

लेक पुस्तकांचं खोकं घेऊन बाहेर आली. "बाबा, कॉलेजचं मी मनातून काढून टाकलंय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." हे म्हणताना खोकं काही तिने खाली ठेवलं नाही. फुटपाथवरून अण्णांनी पेपर खाली केला. "जावईबापू, जिने असले तरी चालतील हो मला. सकाळी एकदा उतरेन, संध्याकाळी एकदा चढेन. मधल्या वेळात खाली काय चाललंय ते गॅलरीतून बघेन."

आपल्या वाट्याला काय माणसं आली आहेत, असं म्हणून यादीरावांनी रुमाल काढला आणि धूळ गेल्याचं निमित्त करून डोळे पुसले. मग बाह्या सरसावून ते ट्रककडे गेले. जे करायचं ते नीट करायचं.

ट्रकपाशी हमालांचा मुकादम स्टुलावर बसून गुडघ्यावरच्या कागदांत खुणा करत होता. आडवा बांधा, कानामागे पेन्सिल. सामान मात्र असं रचलं होतं की यादीराव बघतच राहिले. पलंग आडवा, पलंगाच्या पायांत खुर्च्या, खुर्च्यांच्या पोटात उशा. बोट शिरायला जागा नाही.

"वा!" ते म्हणाले. "हे काम कोणी केलं?"

"पंचवीस वर्षं झाली साहेब," मुकादम लाजून म्हणाला. "माल चढवायचं आपलं डोकं चालतं. कागदाचंच तेवढं जमत नाही. एकशे त्रेचाळीस नग लिहिलेत आणि माझे एकशे बेचाळीसच भरतायत. तीनदा मोजले."

"बघू." यादीरावांनी यादी हातात घेतली, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि परत आले. "स्टूल."

"कुठलं स्टूल?"

"तुम्ही बसलाय ते."

मुकादम चटका बसल्यासारखा उठला. यादीरावांना गंमत वाटली, कारण हे स्टूल मागच्या आठवड्यातही असंच हरवलं होतं. त्यांनी तीन वाहतूकवाल्यांकडून दर मागवले होते. तिघांपेक्षा कमी जणांकडून दर मागवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. त्यातल्या एकाचा माणूस सामान बघायला आला आणि त्याने सगळं घर लिहून घेतलं, फक्त ज्यावर बसून लिहीत होता ते स्टूल सोडून. यादीरावांनी लाल शाईने ती चूक दुरुस्त केली आणि त्याच्या कंपनीचा फॉर्म किती ढिसाळ आहे, याबद्दल अकरा सूचनांचा एक वेगळा कागदही फुकट लिहून दिला.

तेवढ्यात कारखान्याचा वॉचमन सायकलवरून उतरला. "साहेब, क्वार्टर रिकामं झालं की किल्ली ताब्यात घ्यायचा हुकूम आहे." यादीरावांनी रिकाम्या खोल्यांतून शेवटची चक्कर मारली, दाराला कुलूप घातलं आणि चिठ्ठी लावलेली किल्ली त्याच्या हातावर ठेवली. वॉचमनने सलाम केला आणि तो गेला. घर संपलं.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. मुकादमाने पेन्सिल काढली.

"हं, बोला. कुठे न्यायचं?"

यादीरावांनी बायकोकडे बघितलं. बायकोने यादीरावांकडे बघितलं. लेकीने दोघांकडे बघितलं. अण्णांनी पेपराची घडी घातली.

"सांग ना त्यांना," यादीराव म्हणाले.

"मी काय सांगू? तुम्ही सांगा."

"अगं, ट्रक तू बोलावलास!"

"मी? अहो, मी दार उघडलं तर ट्रक उभा! म्हटलं, यांनी शेवटी भावाकडे जायचं ठरवलं आणि बोलायचं धाडस झालं नाही. म्हटलं, बिचारे किल्ल्या द्यायला गेलेत, आजच्या दिवशी भांडायला नको."

"मग लेकीने—"

"मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून मावशीकडे जायचं ठरवलं!" लेक ओरडली. "मी खोकी भरताना रडत होते!"

मुकादमाने फॉर्म पुढे केला. पहिल्या पानावर लिहिलं होतं: 'माल भरणे, शनिवार, सकाळी आठ'. शेवटच्या पानावर, एकशे त्रेचाळिसाव्या नगाखाली, यादीरावांची झोकदार सही होती. आणि 'ठिकाण' या रकान्यात लिहिलं होतं, 'नंतर भरू'.

यादीरावांना सगळं आठवलं. तो माणूस म्हणाला होता, "शनिवारी गाडी मोकळी आहे, चालेल ना?" आणि ते चमचे मोजत होते. ते म्हणाले होते, "हं."

"ज्या माणसाला सगळ्या गावाच्या चुका दिसतात," बायको सावकाश म्हणाली, "त्याने स्वतः काय लिहून दिलं ते वाचलं नाही."

ट्रक भरलेला, घराला कुलूप, किल्ली सायकलवरून गेलेली. पाच आठवड्यांत जे ठरलं नाही ते आता रस्त्यात उभं राहून ठरवायचं होतं.

"तुझ्या बहिणीकडे जाऊ," यादीराव म्हणाले. "मी मनाची तयारी केलीय."

"मुळीच नाही. तुमच्या भावाकडे. माझी सकाळीच तयारी झालीय."

"तिकडे तुला करमणार नाही!"

"आणि तुमचा जीव त्या तिसऱ्या मजल्यावर रमणार आहे का? भावाकडे म्हणजे भावाकडे!"

"तुम्ही माझ्यासाठी अडू नका!" लेक मध्येच म्हणाली. "मला डोंगर नकोच आहे!"

"का नको? तुला हवाच आहे! मी चढेन डोंगर!" अण्णा फुटपाथवरून ओरडले.

भांडण पहिल्याइतकंच जोरात चाललं होतं, फक्त आता जो तो दुसऱ्याच्या बाजूने भांडत होता, आणि म्हणूनच ते मिटायची काही चिन्हं दिसेनात. मुकादमाने पाच मिनिटं ऐकलं, मग तो जरा बाजूला गेला आणि त्याने कंपनीच्या मालकीणबाईंना फोन लावला.

"बाई, गिऱ्हाईक ठिकाण सांगत नाही... भांडतायत... नाही, एकमेकांचे लाड करतायत... हो, नग बरोबर भरले. मी तीनदा मोजले ते जमलं नाही, यांनी एका फेरीत काढलं... हो, लाल शाईवालेच. तुम्हाला कसं कळलं?"

त्याने फोन यादीरावांच्या हातात दिला.

"ते अकरा मुद्दे तुम्हीच लिहिलेत ना?" पलीकडून खणखणीत आवाज आला. "माझ्या टेबलासमोर लावलेत मी. अहो, आमच्या गोदामात चार वर्षांपासून कोणाचं काय पडलंय ते कोणालाच माहीत नाही. परवा एका नवरीचं ड्रेसिंग टेबल दातांच्या डॉक्टरकडे पोचलं, आणि त्यांची खुर्ची नवरीकडे. गोदाम सांभाळायला माणूस हवाय. वर तीन खोल्या आहेत राहायला. महिनाभर बघू. नाहीच पटलं, तर तुमचं सामान पुढे कुठे न्यायचं ते तुम्ही तोपर्यंत ठरवालच."

यादीरावांनी फोन छातीशी धरला आणि घरच्यांना सगळं सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. दोन महिन्यांत त्यांना कोणी 'माणूस हवाय' असं म्हटलं नव्हतं.

"हे गोदाम आहे कुठे?" बायकोने विचारलं. मुकादमाने गावाचं नाव सांगितलं. ते तक्त्यात नव्हतं. त्याला कोणी एक गुणसुद्धा दिला नव्हता.

"कॉलेज?" लेक म्हणाली.

"आहे की. बसने वीस मिनिटं."

"माझी बहीण तिथून किती लांब?"

"तीन तास."

"आणि यांचा भाऊ?"

"तोही तीनच."

"म्हणजे दोघंही न सांगता टपकणार नाहीत," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर पाच आठवड्यांनी पहिल्यांदा समाधान दिसलं.

"पण खोल्या वरच्या मजल्यावर," यादीराव अण्णांकडे बघत म्हणाले.

"माल चढवायची लिफ्ट आहे," मुकादम म्हणाला. "पण ती मालासाठी."

"मग मला माल लिहा!" अण्णा म्हणाले. "नग एकशे चव्वेचाळीस. जपून."

मुकादमाने फॉर्म पुढे केला. यादीरावांनी खिशातून लाल पेन काढलं आणि सवयीने थेट शेवटचं पान उघडलं. बायकोने कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. जवळच स्टूल होतं, त्यावर ती ऐटीत बसली आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. वार वाचला, वेळ वाचली. 'नंतर भरू' वर काट मारून गावाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. मग एकेक नग घेत, ट्रककडे बघत, खूण करत गेली. हमाल थांबले, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, आणि यादीराव तिच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांत त्यांच्या भांडारात इतकं चोख काम कोणी केलं नव्हतं.

"नग एकशे बेचाळीस, कुंड्या दोन, चढल्या," ती म्हणाली. "नग एकशे त्रेचाळीस, स्टूल एक." तिने ट्रकवर एक नजर टाकली. "चढलं." आणि तिने खूण केली.

यादीरावांनी तोंड उघडलं. मग मिटलं.

"आता करा सही," ती उठत म्हणाली.

त्यांनी सही केली. ती पाठमोरी होताच स्टूल उचललं, ट्रकच्या केबिनमध्ये चढले आणि नव्या गावापर्यंतचा सगळा प्रवास ते मांडीवर घेऊन बसले.