चारशे रुपयांची लेन्स

सत्तावीस रुपयांच्या आणि चारशे रुपयांच्या कॅमेऱ्यात फरक काय, हे मला विचारा! अख्ख्या अंबरनाथमध्ये तो माझ्याइतका कुणाला कळला नसेल!

आमचे शेजारी दिनानाथराव. त्यांच्याकडे सत्तावीस रुपयांचा डबा कॅमेरा. तसला हौशी प्रकार आपल्याला चालत नाही! मी सायकल विकली, त्यात बोनस घातला आणि थेट उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, प्रोफेशनल लेन्स है! चेहरा एकदम उठके आएगा, बाकी सब गायब!"

कारणही तसंच होतं. धाकटी बहीण वृंदा लग्नाची झाली होती आणि बदलापूरच्या बाळाजीपंतांनी मुलासाठी फोटो मागवला होता. असं स्थळ पुन्हा मिळणार नव्हतं! फोटो पसंत पडला तरच पुढची बोलणी.

आईची पैठणी नेसवून वृंदाला अंगणात खुर्चीवर बसवलं. मागे शेजारच्या ओट्यावर दिनानाथरावांची मुलगी कुमुदिनी पापड वाळत घालत होती. दिनानाथराव कुंपणावरून म्हणाले, "माझ्या डब्यातूनही एक काढून ठेवू का?"

"तुमच्या लेन्सला माणूस आणि पापड सारखेच! माझी लेन्स नेमकं माणूस निवडते!"

"पण ते अंतर फुटांत लावायचं असतं ना? नीट लावलंत?"

"दिनानाथराव, हा डबा नाही!"

"दादा, उरक ना! घामानं कुंकू ओघळतंय!" वृंदा ओरडली. मी खटका दाबला.

कॉपी बघायचीही मला गरज वाटली नाही. कल्याणच्या स्टुडिओतून ती परस्पर बाळाजीपंतांकडे पाठवून दिली.

रविवारी खुद्द बाळाजीपंत पेढे घेऊन हजर!

"मुलगी एकदम पसंत! कामसू आहे हो. फोटो काढतानाही हातातला पापड सोडला नाही!"

"पापड?"

त्यांनी फोटो पुढे केला. ओट्यावरची कुमुदिनी इकडे बघून हसत होती. तिचा केसन् केस दिसत होता! पापडातलं जिरंसुद्धा! आणि पुढे खुर्चीवर नुसता धुक्याचा गोळा.

"ही मध्येच कोण आजीबाई येऊन बसली?" बाळाजीपंतांनी विचारलं.

आतून वृंदाचा हुंदका ऐकू आला. तो कॅमेरा विहिरीत फेकावा असं वाटलं, पण सायकल आठवली. पेढे कुंपणापलीकडे गेले आणि वैशाखात कुमुदिनी बदलापूरला!

परवा वृंदासाठी दुसरं स्थळ आलं. मी कॅमेरा पुसला, अंगणात खुर्ची मांडली आणि तिला हाक मारली. ती पापडांची परात घेऊन बाहेर आली.

"खुर्चीवर तूच कुणाला तरी बसव, दादा," ती म्हणाली. "मी मागे ओट्यावर आहे."