शेलूची रेंज

भगवानदादांचा फोन मध्येच कापता येत नाही. कापला, तर रेंज गेली असं समजून ते पुन्हा लावतात. एकदा मी तेराव्यांदा उचलला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हां, तर मी काय सांगत होतो." सांगत होते ते पोशीरच्या त्यांच्या शेतात शिरलेल्या शेजाऱ्याच्या म्हशीबद्दल. म्हैस एव्हाना घरी पोचून रवंथ करत असणार.

साजगावच्या आमच्या कारखान्यात दादा स्टोअर सांभाळतात, मी कॉम्प्युटर. कबूल करतो, त्यांना टाळायला मी एक थाप शोधली होती. घरी जाताना लोकलला शेलू स्टेशन लागतं. "शेलूला रेंज जाते हो, दादा," असं मी वर्षभर सांगत आलो. शेलूला रेंज उत्तम आहे.

मग माझाच प्रोग्राम माझ्यावर उलटला. स्टोअरमधून मुख्य ऑफिसला निरोप पाठवणारा हा प्रोग्राम संध्याकाळी बंदच होईना. आपण मुद्दाम जोडणी तोडायची, त्याला वाटायचं ती चुकून तुटली, की लागला पुन्हा जोडायला. दादा कुलूप हातात धरून ताटकळत. चार दिवस मी शरमेने त्यांच्याकडे बघितलं नाही. पाचव्या दिवशी अडचण सांगितली, तर तेच म्हणाले, "आरं, आदी सांग ना त्याला, मी ठेवतोय, परत लावू नको. मंग ठेव. न सांगता कापलंस तर त्यानं काय समजायचं?"

जोडणी तोडण्याआधी तेवढी एक सूचना घातली. प्रोग्राम निमूट बंद झाला.

त्या आनंदात मी थट्टेने विचारलं, असं सांगितलं तर तुम्हीही थांबाल का?

"थांबेन की," म्हणत दादांनी खिशातून फोन काढला आणि मुलाला लावला. वर्षापूर्वी तो भांडून घर सोडून गेला, एवढं मला ठाऊक होतं. दोनदा वाजून फोन कापला गेला. दादांनी पुन्हा लावला. पुन्हा कापला गेला.

"रोज असंच व्हतं," दादा म्हणाले. "पन परत लावू नका असं कदी बोलला नाय. रेंजच जात असंल. तूच सांगतोस ना, शेलूला जाते. तिथंच फ्लॅट घेतलाय त्यानं."

मी त्यांच्या हातातलं कुलूप घेऊन दाराला लावत बसलो.

"हो, दादा," मी म्हणालो. "शेलूला नसतेच."

दादांनी तिसऱ्यांदा लावला.