ब्रेकमधली हवा

आमच्या शेजारचे डॉक्टर प्रभुणे भेटले की माणसाची तब्येत विचारत नाहीत, गाडीची विचारतात. आणि सगळ्या गाडीचीही नाही, फक्त ब्रेकची. यंदा पाडव्याला मी श्रीखंडाचा डबा घेऊन गेले तर दारातच सुरुवात.

"वहिनी, तुमच्या मुलाच्या गाडीचं ब्रेक फ्लुइड शेवटचं कधी बदललं?"

"मला काय माहीत? मी काय त्याच्या बॉनेटमध्ये राहते?"

झालं. श्रीखंड हातातच राहिलं आणि मला लीड्सच्या दमट हवेवर दहा मिनिटं व्याख्यान ऐकावं लागलं.

"पाणी पितं ते, वहिनी!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ब्रेकवर पाय दिला की नळ्यांतलं ऑइल तो जोर चाकापर्यंत पोचवतं. ते ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. मग एखाद्या लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि पाय दाबावा तर नुसता खाली जातो. गाडी थांबत नाही. एवढंच. पण डॉक्टर हे असं सांगतात, जणू रस्त्यावरची प्रत्येक गाडी संध्याकाळपर्यंत दरीत जाणार आहे.

मी ऑइल म्हणते. ते दर वेळी सुधारतात, "फ्लुइड." मी पुढच्या वाक्यात पुन्हा ऑइल म्हणते. बावीस वर्षं झाली, दोघांपैकी कोणीच हटलेलं नाही.

डॉक्टरांनी जन्मभर इथल्या हॉस्पिटलात लोकांना भूल दिली. त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी चादरी धुतल्या, पण तिथे आमची कधी गाठ पडली नाही. भूल देणारा माणूस चादरीबरोबर खाली येत नाही. ओळख झाली ती शेजारी राहायला आल्यावर. माझे यजमान होते तोवर दोघांचं बरं जमायचं, कारण यजमानांना ऐकू कमी यायचं.

रिटायर झाल्यापासून डॉक्टरांच्या शर्टाच्या खिशात पेनासारखं एक यंत्र असतं. टोक ऑइलमध्ये बुडवलं की दिवा लागतो. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे बघा, लाल म्हणजे बदला. पूर्वी त्याच खिशात थर्मामीटर असायचा म्हणे. मंडळाच्या गणपतीला लोक आरतीला उभे राहतात तेव्हा डॉक्टर कार पार्कात असतात. कोणाचं बॉनेट उघडं दिसलं की समजायचं, प्रसाद थोडा बाजूला काढून ठेवावा.

एकदा लेस्टरला लग्न होतं. जेवणं आटोपली, नवरानवरी फुलांनी सजवलेल्या गाडीतून स्कॉटलंडला निघाली होती. डॉक्टर जिलबी टाकून उठले, नवऱ्या मुलाकडून बॉनेट उघडून घेतलं आणि यंत्र बुडवलं.

"लाल!" असे ओरडले की नवरीची आजी दचकून खुर्चीत बसली.

मुलगा म्हणाला, "अंकल, आम्ही हळू जाऊ."

"हळू? डोंगर आहेत तिथे! मी जाऊ देणार नाही."

नाहीच जाऊ दिलं. स्वतःच्या गाडीची किल्ली त्या पोरांच्या हातात ठेवली आणि आम्हाला सजवलेल्या गाडीतून लीड्सला आणलं. डोंगर तिकडे, इकडच्या सपाट मोटरवेला ही गाडी चालेल म्हणे, पण ताशी चाळीस मैलांच्या वर गेले नाहीत. मागे फुलांच्या माळा, पुढे डॉक्टर आणि सुधावहिनी, मागच्या सीटवर मी. लॉरीवाले हॉर्न वाजवून अभिनंदन करत होते. सुधावहिनींनी सगळ्यांना हात केला. डॉक्टरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

सुधावहिनी म्हणजे त्यांची बायको. दर वर्षी एप्रिलातला पहिला कोरडा रविवार आला की डॉक्टर घरापुढच्या ड्राइव्हवर गाडी काढत, आणि सुधावहिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ब्रेक दाबत. हे काम एकट्याने होत नाही. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने चाकाशी. गाडीच्या पुस्तकात दोन वर्षांनी बदला असं लिहिलंय. डॉक्टर दर वर्षी बदलतात. पुस्तक लिहिणारा लीड्सला राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी सुधावहिनी गेल्या. पुढच्या एप्रिलात डॉक्टर माझ्या दारात आले. म्हणाले, "वहिनी, तुमचा पाय जड आहे का?"

मी म्हटलं, "शहात्तराव्या वर्षी पायाला काय पिसं लावू?"

"छान. जडच हवा."

तेव्हापासून दाबण्याचं काम माझ्याकडे आलं. काम असं. एक कोपरा जॅकने उचलायचा, चाक काढायचं. आत एक बारीक नट असतो, त्याला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. मग खालून हुकूम येतो, "दाबा." मी दाबते. "धरा." मी धरते. ते नट सैल करतात, चहासारखं काळपट ऑइल नळीतून बरणीत येतं, माझा पाय खाली जातो. ते नट आवळतात आणि "बंद" म्हणतात. त्यानंतरच "सोडा." बंद म्हणायच्या आधी पाय सोडला तर उलटी ओढ बसते, आणि नळीचं टोक बरणीबाहेर असेल तर सरळ हवा आत जाते. हवा गेली की ब्रेक स्पंजासारखा होतो आणि गाडी हलवायची सोय राहत नाही. मग पहिल्या चाकापासून सगळं पुन्हा.

पहिल्या वर्षी एकदा मी घाईने पाय सोडला. नळी बुडालेली होती म्हणून काही बिघडलं नाही, पण डॉक्टर चाकामागून असे वर आले की वाटलं आता मलाच भूल देतात. "वहिनी, एक बुडबुडा! एका बुडबुड्याने माणूस जातो!" त्यांच्या हातून मात्र आजवर एकही बुडबुडा गेलेला नाही. तसं ते मला प्रत्येक चाकाला सांगतात. चार चाकं, म्हणजे मी चार वेळा चढते, चार वेळा उतरते आणि चार वेळा ते ऐकते. काम चालू असताना गाडीशीही बोलतात. "घाबरू नका, संपतच आलं." मी पहिल्यांदा म्हटलं, "मी कुठे घाबरतेय?" तर म्हणाले, "तुम्हाला नाही म्हटलं."

आता मीराचं सांगते. मीरा त्यांची एकुलती मुलगी, इथेच जन्मलेली, चाळिशी ओलांडलेली. लंडनजवळ इल्फर्डला राहते आणि तिकडच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपी करते. आई गेल्यापासून ती या घरात एक रात्रही राहिलेली नाही. सकाळी येते, संध्याकाळी परत. चार तास यायला, चार तास जायला. जिन्याच्या वर जात नाही. वरच्या खोल्यांत आईचे कपडे अजून तसेच आहेत, मी पाहिलेत. डॉक्टर तिला "राहा" म्हणत नाहीत. "तुझे ब्रेक बघायला हवेत" म्हणतात. वर्षातून दोनदा बघतात. तेवढ्यासाठी ती येते, आणि ती यावी एवढ्यासाठीच ते बघतात हे मला न शिकता कळलं.

या एप्रिलातही आली. गाडीतून उतरता उतरता मला म्हणाली, "काकू, तुमची गुडघा कशी आहे?"

"आहे तिथेच आहे. तू कशी?"

"बिझी. बाबा, ऐका ना, नेक्स्ट मंथ माझा नवीन गाडी येतो. कामावरून मिळणार, इलेक्ट्रिक. सर्व्हिसिंग सगळं ते लोकच करणार. तुम्हाला काही करायला नको."

डॉक्टर जॅक लावत होते. "ब्रेकपण तेच बघणार?"

"सगळंच. बाहेरच्या गॅरेजलापण ते हात लावायला देत नाही."

"बरं आहे," डॉक्टर म्हणाले आणि जॅकचा दांडा हलवत राहिले. गाडी हवी त्यापेक्षा जास्त उंच गेली.

"मग हे आज कशाला करताय? ही गाडी मी विकणार."

"विकेपर्यंत तू चालवणार ना?"

दुपारभर काम चाललं. मीराने दाबायला हवं होतं, पण तिला सारखे फोन येत होते, म्हणून सीटवर मी. तीन चाकं झाली. डॉक्टर गाडीशी एक अक्षर बोलले नाहीत, मला फ्लुइडवरून टोकलं नाही. मी मुद्दाम दोनदा ऑइल म्हणून पाहिलं. मीरा आतून येऊन विचारून गेली, "किती वेळ? मला ट्रॅफिकच्या आधी निघायचं." उद्या तिला सुट्टी होती. तिनेच जेवताना सांगितलं होतं.

शेवटचं चाक ड्रायव्हरच्या बाजूचं. खिडकीतून डोकं काढलं की डॉक्टर मला खाली दिसत होते. ऑइल आता मधासारखं स्वच्छ येत होतं. म्हणजे झालंच होतं.

"दाबा." दाबलं.

"धरा." धरलं.

नट सैल झाला, पाय खाली गेला. मग डॉक्टरांनी नळीचं टोक बरणीतून बाहेर काढलं आणि हातात धरलं. मी बघत होते.

"सोडा," म्हणाले.

"अहो, बंद कुठे म्हणालात?"

"सोडा, वहिनी."

"हवा जाईल आत!"

त्यांनी वर पाहिलं नाही. "जाऊ दे," म्हणाले.

मी काही वेडी नाही. मी पाय सोडला. नळीत बुडबुडे सरसरत वर गेले. पुढच्या खेपेला पाय दिला तर तो उशीत घातल्यासारखा खाली.

मीरा पर्स घेऊन बाहेर आली. "झालं?"

"हवा शिरली," डॉक्टर चाकाकडे बघत म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. फ्लुइड संपलं. रविवार आहे, दुकानं चारला बंद झाली. उद्या सकाळी आणतो."

गॅरेजात फळीवर दोन सीलबंद बाटल्या होत्या. मी सकाळी डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

"पण बाबा, तुमच्याकडून हवा? तुम्ही कधी चुकत नाही."

डॉक्टरांना खोटं बोलायची सवय नाही. एका खोट्यातच दमले होते.

"त्यांच्याकडून नाही, माझ्याकडून," मी म्हटलं. "गुडघ्यात कळ आली, पाय सुटला. मला उतरायला हात दे आधी."

तिने हात दिला. गाडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "म्हणजे आज जाता येणार नाही?"

"या ब्रेकवर? मी जाऊ देणार नाही," डॉक्टर म्हणाले. हे मात्र त्यांना सहज जमलं.

मीराने पर्स खांद्यावरून उतरवली. मग म्हणाली, "ओके. टूथब्रश आहे का एखादा?" आणि आत गेली.

मी घरी येऊन गुडघ्याला तेल लावत बसले होते. साडेसहाला दार वाजलं. डॉक्टर. हात साबणाने धुऊन लाल झालेले, अंगात स्वयंपाकाचा एप्रन.

"वहिनी, खिचडी टाकतोय. तांदूळ किती घ्यायचे?"

"तीन वर्षं खिचडी करताय ना रोज?"

"एकाची करतो." त्यांनी एप्रनला हात पुसले. "दोघांना किती लागतात?"

"एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ."

"एक, अर्धी." दोन पावलं गेले आणि परत वळले. "दीड घेतले तर? ती पूर्वी दोनदा वाढून घ्यायची."

"घ्या दीड."

"उरली तर?"

"उरू द्या," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं. गार वारा आत येत होता.