उष्ट्या पानांचा परीक्षक

गणोजीअण्णा कुठल्याही हॉटेलात पुढच्या दारानं आधी शिरायचे नाहीत. ते पहिल्यांदा हॉटेलाच्या मागं जायचे, उष्टी पानं टाकतात तिथं. पँट घोट्याच्या वर धरून ढिगाशेजारी उभे राहायचे आणि छत्रीच्या टोकानं एकेक केळीचं पान उलगडायचे. तिथं बहुतेक एखादी गाय आधीच कामाला लागलेली असायची. अण्णा तिला म्हणायचे, "स्वल्प थांब गं," आणि आश्चर्य म्हणजे गाय थांबायची.

"हे बघ, इंजिनेर. सारू, म्हणजे तुमचं सार, संपवलाय, भात संपवलाय, भाजी मात्र तशीच. दहा पानांत सात जणांनी सोडलीय. नापास. चल, गाडी काढ."

"अण्णा, पण मला भूक लागलीय."

"भूक लागली म्हणून नापासाला पास करतात का रे तुमच्या कॉलेजात?"

बोर्ड खोटं बोलतो, मालक खोटं बोलतो, पण उष्टं पान खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मी बंगळूरमध्ये त्यांच्या बनशंकरीच्या घरात माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. बाबा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. बंगळूरला आलो तेव्हा मला कन्नड येत नव्हतं, इंग्रजी बोलायची भीती वाटायची, आणि अण्णांचं मराठी ऐकून मराठीबद्दलही शंका यायला लागली. त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडं आले आणि इथलेच झाले. "सरी, सरी" (म्हणजे 'बरं, बरं') आणि "अय्यो" यांच्यामध्ये जी जागा उरेल तिथं ते मराठी बोलायचे.

त्यांनी आयुष्यभर शाळांना नकाशे विकले. गावोगाव हिंडून, मिळेल त्या बसनं. राज्याचं नाव बदललं तेव्हा त्यांच्याकडं 'म्हैसूर राज्य' असं छापलेल्या नकाशांचा गठ्ठा पडून राहिला. कुठली शाळा घेणार? त्यातला एक त्यांनी हॉलमध्ये देवांच्या फोटोंशेजारी लावला. त्या नकाशावर नद्या, डोंगर, जिल्हे सगळं होतं, पण ते दिसायचं नाही, कारण वर अण्णांच्या खुणा होत्या. पास हॉटेलाला हिरवा ठिपका. नापासाला निळी फुली. येलहंक्यापासून आनेकलपर्यंत सगळा मुलूख गोवर आल्यासारखा दिसायचा.

काही फुल्यांभोवती लाल गोल होते. मी विचारलं तर म्हणाले, "त्या तुझ्या अक्काच्या. तिनं नापास केलेली हॉटेलं."

रुक्माअक्का म्हणजे त्यांची बायको. मी राहायला यायच्या दोन वर्षं आधी ती गेली. दर रविवारी दोघं स्कूटरवरून नवं हॉटेल शोधायला निघायची. ती गेल्यावर स्कूटर उभीच होती. मी आल्यावर दुसऱ्याच रविवारी अण्णांनी खालून हाक मारली, "इंजिनेर, खाली ये. मागच्या सीटवर वजन नसलं की गाडी नाचते." असा मी त्यांचं वजन झालो.

त्या रविवारांनी मला काय काय दाखवलं! येलहंक्याला एका मालकाला वाटलं, हे आरोग्य खात्याचे साहेब. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, कॉफी दिली आणि ढीग दोन मिनिटांत झाकून टाकला. अण्णा भयंकर चिडले. "पेपरच लपवला रे त्यानं!" कनकपुऱ्याच्या वाटेवर एका म्हातारीनं त्यांना उष्ट्या पानांवर वाकलेलं बघितलं, हळहळली, आणि आतून गरम भात-हुळी आणून हातात दिली. हुळी म्हणजे तिकडची भाज्या घातलेली आंबट आमटी. अण्णांनी ती उभ्या उभ्या खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, "पास." मी लाजून गायीच्या पलीकडं जाऊन उभा राहिलो होतो. मग मलाही दिली. खरंच पास होती.

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि बाबांचं पत्र आलं. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. रजा मिळालीय, तुझं शहर बघायला येतो, म्हणून. मी पत्र घेऊन अण्णांकडं गेलो. बाबा आजवर टेबल-खुर्चीच्या हॉटेलात जेवलेले नाहीत, असं मी चाचरत सांगितलं. चहाच्या गाड्यापलीकडं ते कधी गेले नाहीत. त्यांना एकदा तरी नीट, पोटभर, मानानं जेवू घालायचं होतं. आणि एक सांगायला मला लाज वाटत होती. मागाच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळं बाबा फार मोठ्यानं बोलतात. लोक वळून बघतील असं हॉटेल नको होतं.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "बाप पहिल्यांदा येतोय. चुकायचं नाही. आवडनिवड सांग."

"सगळं चालतं. फक्त गोड आवडत नाही."

"गोड आवडत नाही?" अण्णांना धक्काच बसला.

"लहानपणापासून बघतोय. लग्नात, सणाला, ताटातलं अर्धं गोड ठेवूनच देतात. मीच खायचो ते."

"मग त्यांनी सगळं खाल्लं असं गोड शोधायचं," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे चमकले आणि त्यांनी छत्री उचलली.

तीन रविवार आम्ही नुसते ढीग बघत फिरलो. स्कूटर दोनदा बंद पडली. एका गायीनं छत्रीचं टोक खाल्लं. शेवटी आनेकलच्या अलीकडं एक कौलारू हॉटेल सापडलं. अण्णांनी एकतीस पानं तपासली. एकाही पानावर होळिगे उरलेली नव्हती. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच, जरा पातळ. अण्णा ढिगाशेजारीच मला मिठी मारायला आले. मी त्यांच्या छत्रीकडं बघून मागं सरलो.

बाबा आले. अण्णांना बघताच "रामराम अण्णाऽऽ!" असं ओरडले की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. अण्णांना ते फार आवडलं. तेही ओरडून बोलायला लागले. आनेकलच्या बसमध्ये दोघं शेजारी बसून एकमेकांवर ओरडत होते, आणि कंडक्टरनं मला हळूच विचारलं, भांडण कशावरून आहे?

हॉटेलात पानं मांडली. बाबा खुर्चीच्या कडेवर, कधीही उठावं लागेल असे बसले. मी म्हणालो, "बाबा, इथं भोंगा होत नाही. सावकाश जेवा." मग ते मागं टेकले आणि खरंच सावकाश जेवले. भाताचा आकार बघून "आरं, डोंगर घातला की!" असं ओरडले तेव्हा सगळं हॉटेल वळलं. मी मान खाली घातली. पण मालक हसत आला आणि त्यानं डोंगरावर तूप ओतलं.

होळिगे वाढली आणि अण्णांनी आपली भराभर संपवून मला कोपरानं ढोसलं. "ऊठ. मागं जाऊ."

"अण्णा, बाबांचं व्हायचंय अजून."

"म्हणूनच. पान यायच्या आधी तिथं पोचायला नको?"

ही त्यांची जुनीच पद्धत. सगळ्यांच्या आधी उठायचं, मागच्या दारी जाऊन उभं राहायचं, आणि आपल्याच माणसाचं पान बाहेर येताना बघायचं. आम्ही हात धुऊन ढिगाशेजारी उभे राहिलो. पानं आली. वरचंच बाबांचं होतं, कारण त्यांनी मिरच्या ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. आणि त्यावर, नीट घडी घातलेली, अर्धी होळिगे.

अण्णांचा चेहरा उतरला. "अय्यो. नापास झालो, इंजिनेर. तुझ्या बापापुढं नापास झालो."

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. आनेकलच्या बाजारात ऐकू गेला असेल. "माझं पान कुणी उचललं रं? पोराला ठिवलीती त्यात! आर्धी पोराला ठिवलीती!"

आम्ही धावत आत गेलो. बाबा हात धुऊन आले होते आणि रिकाम्या टेबलासमोर ओल्या हातानं उभे होते, लहान मुलाची वस्तू हरवावी तसे. "बाबा, मला वाढली होती की पूर्ण," मी म्हणालो.

"असंल. पण चांगलं काय खाल्लं की आर्धं तुला ठिवायची सवय. तू कुठं गेलतास उठून?"

"तुम्हाला गोड आवडत नाही ना?"

"कुणी सांगितलं? लई आवडतंय!"

सगळं हॉटेल हसलं. मालकानं बाबांना आणखी दोन वाढल्या, नवं पान मांडून. यावेळी मी हललो नाही. बाबांनी दोन्ही खाल्ल्या. म्हणजे, दीड खाल्ल्या.

अण्णा मात्र हसले नाहीत. परतीच्या बसमध्ये बाबा झोपले होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. बनशंकरी जवळ आली तेव्हा एकदम म्हणाले, "अक्का प्रत्येक वेळी म्हणायची, तुम्ही लवकर उठता. मला वाटायचं, एकटीला बसावं लागतं म्हणून कुरकुर करते. आणि मागं उभा राहिलो की तिचं पान यायचं. अर्धी होळिगे तशीच. घरी येऊन मी निळी फुली मारायचो, वर लाल गोल. ती हसायची नुसती. सरी, मारा, म्हणायची."

उतरायचं होतं, म्हणून मी बाबांना हलवून उठवलं.

पुढच्या रविवारी खालून हाक आली. बाबा गावाला परतले होते. अण्णांच्या खिशात लाल गोलांची यादी होती, एकूण तेवीस. पहिलं मागडीचं. तिथं पोचल्यावर मी सवयीनं मागच्या गल्लीकडं वळलो, तर अण्णा पुढच्या दारानं सरळ आत गेले आणि बसले.

होळिगे आली. अण्णांनी ती मधोमध मोडली. अर्धी खाल्ली, अर्धी पानाच्या कडेला ठेवली, आणि बसून राहिले. शेजारची टेबलं दोनदा उठली आणि भरली. वाढप्यानं येऊन पानाला हात घातला.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. तो थांबला, गाय थांबायची तसाच.

मग त्यांनी तो तुकडा उचलून माझ्या पानावर ठेवला.

"खा लवकर. पान असं बाहेर गेलं, तर हॉटेल पुन्हा नापास होईल."